टी-शर्टवरचा मार्ली आणि खोक्यांमागची माणसं

भोंगावाला (धागाकर्ता)

आधीच सांगतो, हा धागा रेगे आडनावाच्या मंडळींबद्दल नाही. जमैकाच्या रेगे संगीताबद्दल आहे. उच्चारावरून वाद नको, मी रेगेच लिहिणार.

माझा धंदा साउंडचा. सांगलीकडे लग्नं, जत्रा, कीर्तनं, प्रचारसभा, मिरवणुका सगळं करतो. वडिलांच्या काळात दोन कर्णे आणि एक अँप्लिफायर होता, आता दोन टेम्पो भरून माल आहे. आमच्याकडे ज्याला सगळे ‘डॉल्बी’ म्हणतात तेच. त्या नावाच्या कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण शब्द रुळला तो रुळला.

मागच्या महिन्यात एका हळदीत नवरदेवाचा मित्र आला. अंगात बॉब मार्लीचा टी-शर्ट. म्हणाला, “दादा, रेगे लावा की.” मी विचारलं, कुणाचं लावू? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “मार्लीचं. दुसरं कुणाचं असतंय?”

त्या पोराचा दोष नाही, पण रात्री स्पीकरची खोकी टेम्पोत चढवताना ते डोक्यातून जाईना. कारण रेगे जन्माला आलं ते माझ्यासारख्या खोकीवाल्यांच्या धंद्यातून. हे मला कळलं तेव्हा माझाच माझ्या धंद्याकडे बघायचा डोळा बदलला होता.

1950 च्या दशकातलं किंग्स्टन घ्या. जमैका तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात, स्वातंत्र्य मिळालं 6 ऑगस्ट 1962 ला. बँड ऐकायला हॉटेलात जायचं तर खिशात पैसे हवेत. गरीब वस्तीत मग साउंड सिस्टीम आल्या. सुताराकडून कपाटाएवढी खोकी करून घ्यायची, मोकळ्या आवारात मांडायची, अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या लावायच्या आणि कमाई करायची तिकिटावर नि बियरवर. डयूक रीड हा त्यातला दादा माणूस. आधी पोलिसात होता, नंतर बायकोसोबत दारूचं दुकान चालवलं, कमरेला पिस्तूल लावूनच फिरायचा. त्याच्यासमोर क्लेमेंट डॉड. शाळेत बरा क्रिकेट खेळायचा म्हणून पोरांनी यॉर्कशायरच्या कॉक्सन नावाच्या खेळाडूवरून त्याला ‘कॉक्सन’ केलं आणि पुढे जगभर तो कॉक्सन डॉड म्हणूनच ओळखला गेला.

हे दोघं तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायचे. गाणं कुठलं ते समोरच्या साउंडवाल्याला कळता कामा नये. मी हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो, कारण आमच्याकडेही पेन ड्राइव्हमधल्या फायलींची नावं बदलून ठेवणारे महाभाग आहेत.

पुढे अमेरिकेतली हवा पालटली, तिकडे रॉक अँड रोल आलं, आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना पाहिजे तसा माल मिळेना. मग यांनी स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. त्यातून आलं स्का, धावतं, ट्रम्पेट-ट्रॉम्बोननं भरलेलं. 1966 च्या सुमाराला चाल मंदावली, ते रॉकस्टेडी. 1968 मध्ये आणखी बदलली, ते रेगे. हा शब्द गाण्याच्या नावात पहिल्यांदा आणला तो टूट्स अँड द मेटल्सनी, त्याच वर्षी, ‘डू द रेगे’मध्ये. डॉडचा स्टुडिओ वन ब्रेंटफर्ड रोडवर, रीडचा स्टुडिओ दारूच्या दुकानाच्या वर. आज आपण ज्यांना महान कलाकार म्हणतो त्यातले निम्मे या दोन जिन्यांवर रांगेत उभे राहिलेले आहेत. मार्लीसुद्धा. त्याच्या वेलर्स या गटाचं पहिलं गाजलेलं गाणं ‘सिमर डाउन’ 1964 चं, कॉक्सन डॉडकडचंच.

आता माझा लाडका माणूस. ऑसबोर्न रडॉक, म्हणजे किंग टबी. हा गायक नाही, वादक नाही. रेडिओ दुरुस्त करणारा, हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा मेकॅनिक. स्वतःची साउंड सिस्टीम होती, तिचं नाव होमटाउन हाय-फाय. डयूक रीडकडे तबकड्या कापायचं काम करायचा. त्या सुमाराला चुकून एका गाण्याची आवाजाविना तबकडी कापली गेली आणि ती एका साउंडवाल्यानं कार्यक्रमात लावली. गायक गायब, मागचं वाद्यवृंद तेवढं चालू, आणि लोकांनी स्वतःच गाणं म्हणायला सुरुवात केली! टबीला यातली गंमत कळली. घराच्या एका खोलीत त्यानं मिक्सर बसवला आणि झालेल्या गाण्याची मोडतोड करायला लागला. गायकाचा एक शब्द ठेवायचा, त्यावर एको सोडायचा, शब्द लांब जाऊन विरेपर्यंत फक्त ड्रम आणि बेस. मग गिटार एकदम आत, लगेच बाहेर. याला डब म्हणतात. आज जगात जो कुणी लॅपटॉपवर रिमिक्स करतो तो टबीच्या खोलीतलं भाडं न भरता राहतोय.

टबीला 1989 मध्ये घराबाहेर गोळी घालून मारलं. तारीख 6 फेब्रुवारी. मार्लीचा वाढदिवस. दरवर्षी त्या दिवशी सगळीकडे मार्लीचे फोटो फिरतात आणि मी टबीची एक तबकडी लावून बसतो. बायको म्हणते, हे गाणं आहे की स्पीकर बिघडलाय?

तर बोला. तुम्ही कुणाला ऐकलंय? मार्लीच्या पलीकडे कोण?

रेगेंची_सून

“आडनावाच्या रेग्यांबद्दल नाही” वाचून सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांचा प्रश्न: मग आपलं नाव का वापरलं त्यांनी, विचारलं होतं का?

बाकी लेख आवडला. सविस्तर नंतर लिहिते, कुकर झालाय.

जुना_कॅसेटवाला

माझी पिढी बोनी एमवर वाढली. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ आमच्या चाळीच्या गणपतीत आरतीनंतर वाजायचं, कुणालाही अर्थ माहीत नसताना. ते रेगेच ना?

आणि गावसकरवर वेस्ट इंडीजमध्ये रेगे गाणं केलं होतं तेही आठवतं.

भोंगावाला

पहिलं बरोबर, दुसरं नाही.

‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ मूळचं जमैकाच्या मेलोडियन्सचं, 1970 चं. शब्द बायबलच्या स्तोत्रांतले. गुलाम करून परक्या मुलखात नेलेले लोक नदीकाठी बसून रडतायत. रास्ताफारी, म्हणजे जमैकातला एक धर्मपंथ, त्या लोकांच्या बोलण्यात बॅबिलॉन म्हणजे जुलमी सत्ता, पोलिस, सगळी व्यवस्थाच. बोनी एमनं 1978 मध्ये त्याचं डिस्को केलं. तुमच्या चाळीत आरतीनंतर गुलामांचा आक्रोश वाजत होता, आणि खरं सांगायचं तर तो तिथे फार विजोडही नव्हता.

गावसकरवरचं गाणं मात्र कॅलिप्सो. 1971 च्या दौऱ्यानंतरचं, त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरचं. त्रिनिदाद आणि जमैका यांच्यामध्ये समुद्राचं मोठं अंतर आहे. कॅलिप्सोला रेगे म्हणणं म्हणजे लावणीला भांगडा म्हणणं.

त्याच दौऱ्यात किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर आपल्या दिलीप सरदेसाईंनी 212 काढले होते. मूळचे मडगावचे. तेव्हा गावात साउंडवाल्यांकडे काय वाजत असेल याचा मी कधी कधी विचार करत बसतो.

तबलजी_तात्या

धागाकर्त्यांनी ठेक्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. नातवानं मार्ली ऐकवला तेव्हा मला पहिली शंका आली की रेकॉर्डिंगमध्ये सम कापली गेली आहे. चार मात्रा मोजतोय, पहिलीवर ढोल नाहीच! तिसरीवर एकदम थाप. नातू म्हणाला, आजोबा, यालाच वन ड्रॉप म्हणतात, पहिली सोडायची.

मग आठवलं, आपल्याकडे रूपक आहेच की. सात मात्रा, आणि सम येते ती ‘खाली’वर. ती ती ना. समेवर डग्गा गप्प. आपण शिकवताना पोरांना सांगतो, इथे वजन मनात धरायचं. यांनीही तेच केलंय, फक्त चारात.

शंकासूर

तात्या, ओढूनताणून संबंध जोडू नका. रूपकात समेवर तबल्यावर हात पडतोच, डग्गा तेवढा नसतो. वन ड्रॉपमध्ये पहिल्या मात्रेला ड्रमच्या बाजूनं बऱ्याचदा काहीच भक्कम नसतं. शिवाय रेगेचा प्राण ठेक्यात कमी आणि बेस गिटारमध्ये जास्त. तिथे बेस हा चाल गातो आणि गिटार नुसतं ‘चिक’ करून मात्रेच्या फटीत पाय ठेवतं. आपल्याकडे सगळं उलट.

तबलजी_तात्या

संबंध जोडत नाही, शेजार सांगतोय. शेजारी म्हणजे भाऊ नव्हे.

भोंगावाला

दोघंही बरोबर. हा ठेका जगाला ज्यानं ऐकवला तो वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट. आणि बेसवर त्याचा सख्खा भाऊ ॲस्टन, ज्याला सगळे फॅमिली मॅन म्हणत. मार्लीच्या गाण्यातून मार्लीचा आवाज काढला तरी ते गाणं उभं राहतं ते या दोन भावांमुळे. कार्लटनचा 1987 मध्ये खून झाला. ॲस्टन 2024 मध्ये गेला. त्यानं गाण्यांच्या पैशांसाठी कोर्टात दावा लावला होता, तो हरला. टी-शर्टवर या दोघांचे चेहरे कधी बघितलेत?

शंकासूर

धागाकर्ते, एक मुद्दा आता बोलतोच. तुम्हाला खोक्यांमागची माणसं दाखवायची आहेत, मान्य. पण त्या भरात तुम्ही मार्लीला नुसता ‘चेहरा’ करून टाकताय, आणि टी-शर्टवाल्यांनी नेमकं तेच केलंय.

3 डिसेंबर 1976. किंग्स्टनमध्ये निवडणुकीचं वातावरण, दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांना मारतायत. होप रोडवरच्या घरात बंदूकधारी घुसले, मार्लीला गोळी लागली, त्याच्या बायकोला आणि मॅनेजरला लागली. दोन दिवसांनी, 5 तारखेला, हा माणूस ठरलेल्या कार्यक्रमात जाऊन गायला. ‘वॉर’ या गाण्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हैले सेलासीनं 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातले आहेत. एका राजाचं भाषण उचलून त्याला ठेका लावणं आणि ते लोकांनी नाचत म्हणणं, हे साधं काम नाही. 18 एप्रिल 1980 ला झिंबाब्वे स्वतंत्र झालं त्या रात्री स्वतःच्या खर्चानं सामान घेऊन तो तिथे गेला. बाहेर अडकलेली गर्दी आत घुसायला लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तरी गायला. वर्षभरानं कॅन्सरनं गेला, 36 व्या वर्षी.

यातलं काय खोक्यांमुळे झालं?

भोंगावाला

यातलं काहीच नाही. मानलं.

माझा राग मार्लीवर नाही, त्याच्या पॅकिंगवर आहे. तो गेल्यावर 1984 मध्ये ‘लेजंड’ नावाचा संग्रह काढला. काढणाऱ्यांनी ठरवून बंडाची गाणी कमी घेतली, प्रेमाची आणि समजुतीची जास्त. गोऱ्या गिऱ्हाइकाला चालेल असा मार्ली. जगात सर्वांत जास्त खपलेली रेगेची तबकडी तीच. माझ्या हळदीतल्या पोराला माहीत असलेला मार्ली तो हा. तुम्ही सांगितलेल्या मार्लीचा टी-शर्ट निघाला तर मी पहिला घेईन.

निळी_शाई

1978 च्या त्या शांतता मैफलीचा उल्लेख कुणीतरी करणार म्हणून आधीच करते. 22 एप्रिलला मार्लीनं मायकेल मॅनली आणि एडवर्ड सिआगा या दोन कट्टर विरोधक पुढाऱ्यांना मंचावर बोलावलं आणि त्यांचे हात डोक्यावर धरून एकत्र आणले. फोटो सगळ्यांनी पाहिलाय. फोटोनंतरचं कमी लोकांना माहीत असतं. ती मैफल घडवून आणणारे दोन विरोधी टोळ्यांचे म्होरके, मॅसप आणि मार्शल, पुढच्या दोन वर्षांत दोघंही मारले गेले. 1980 च्या निवडणुकीच्या वर्षात जमैकात सुमारे 800 माणसं मेली.

आणि त्याच रात्री त्याच मंचावर वेलर्समधला मार्लीचा जुना साथी पीटर टॉशनं समोर बसलेल्या पुढाऱ्यांना तोंडावर सुनावलं होतं. हात मिळवायच्या भानगडीत तो पडला नाही. काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला कोठडीत अर्धमेला होईपर्यंत मारलं. मला टॉश जास्त जवळचा वाटतो. त्याला शांतता नको होती, आधी हक्क हवे होते, आणि ‘इक्वल राइट्स’मध्ये तो हेच सांगतो.

रेगेंची_सून

कुकर उतरला. आता लिहिते.

एवढ्या प्रतिसादांत एकाही बाईचं नाव नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का? मार्लीच्या मागे उभ्या राहून गाणाऱ्या तिघी, आय थ्रीज, म्हणजे मार्शिया ग्रिफिथ्स, जूडी मोवॅट आणि रीटा मार्ली. तिघीही स्वतःच्या बळावर गायिका. सोनिया पॉटिंजर नावाची बाई निर्माती होती, त्या सगळ्या पिस्तूलवाल्या पुरुषांच्या बाजारात. जमैकाचं संगीत इंग्लंड-अमेरिकेत पहिल्यांदा दणक्यात खपलं ते मिली स्मॉल या किशोरवयीन मुलीच्या आवाजात, 1964 मध्ये.

आणि सिस्टर नॅन्सी! तिचं ‘बॅम बॅम’ 1982 चं. तिनं ते तेव्हा सहज म्हणून टाकलं, आल्बममध्ये एक गाणं कमी पडत होतं म्हणून. जमैकात फार कुणी लक्षही दिलं नाही. पुढे ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, बँकेत नोकरी धरली, आणि इकडे ते गाणं जगभर वाजत राहिलं, चित्रपटांत, जाहिरातींत. मोठमोठ्या रॅपरांनी त्याचे तुकडे उचलले. सुमारे तीन दशकं तिला त्यातून काही मिळालं नाही. एका बुटाच्या जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकला तेव्हा तिनं वकील गाठला.

दिवसभर लोकांचे पैसे मोजायचे आणि आपल्या गाण्याचे कुणाच्या खात्यात पडतात ते माहीत नाही. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुणीतरी वहीत उतरवून नेल्या होत्या, ते आठवलं.

ध्वनिलहरी

सुनेच्या प्रतिसादाला जोडून. ‘बॅम बॅम’खालचं संगीत नॅन्सीसाठी बनवलेलंच नव्हतं. ते 1973 च्या सुमाराचं, ‘स्टॅलॅग’ नावाचं. जमैकात याला रिडिम म्हणतात. एकदा ड्रम-बेसचा सांगाडा तयार झाला की त्यावर दहा जण दहा गाणी करतात आणि त्यात कुणाला चोरी वाटत नाही. आपल्याकडे ‘अमुक पदाच्या चालीवर’ असं नाटकाच्या पुस्तकात छापलेलं असायचं, तसं काहीसं. फरक इतकाच की आपण चाल उचलतो आणि साथ बदलतो, ते साथ तीच ठेवतात आणि वर चाल नवी बांधतात.

यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट 1985 ची. टबीच्याच हाताखाली तयार झालेल्या किंग जॅमीकडे वेन स्मिथ नावाचा पोरगा कॅसिओचा छोटा कीबोर्ड घेऊन आला. त्यात बटण दाबलं की आपोआप वाजणारा एक ठेका होता. जॅमीनं तो संथ केला, त्यावर ‘स्लेंग टेंग’ झालं, आणि रातोरात जमैकात ड्रमर आणि बेसवाल्यांची कामं जायला लागली. संगणकाच्या जमान्यातलं डान्सहॉल, म्हणजे रेगेचा पुढचा नाचाचा प्रकार, तिथून सुरू झालं. तो ठेका कीबोर्डमध्ये भरला होता ओकुदा हिरोको या जपानी मुलीनं. कॅसिओत नवीनच लागली होती, आणि कॉलेजात तिनं प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. तिनं जपानमध्ये बसून जमैका ऐकला, यंत्रात भरला, आणि यंत्र फिरून जमैकात पोचलं.

सरळमार्गी

धागा रंजक आहे, पण डॉल्बीचं हे उदात्तीकरण खटकलं. माझ्या वडिलांना हृदयविकार आहे. दर वर्षी मिरवणुकीला आम्ही त्यांना दुसऱ्या गावी नेतो. खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्याला संस्कृती म्हणायचं?

भोंगावाला

सरळमार्गी, तुमचं म्हणणं डोक्यावर. मीही तीन वर्षांपासून मिरवणुकीची भिंत लावायचं सोडलंय. निम्मा धंदा गेला. कॉइल जळायच्या त्या जळायच्याच, पण माझ्या हाताखालच्या एका पोराला उजव्या कानानं आता नीट ऐकू येत नाही. ते माझ्या डोक्यावर आहे.

किंग्स्टनमध्येही तक्रारी व्हायच्या, पोलिस यायचे, खोकी फोडायचे. ते काही संत नव्हते. मी फक्त एवढंच बघितलं की टबी आवाज वाढवण्यासाठी जेवढा प्रसिद्ध होता तेवढाच आवाज काढून घेण्यासाठी. आमच्या लाइनीत फेडर वरच न्यायचा असतो, खाली आणणाऱ्याला मंडळं पैसे देत नाहीत.

बर्मिंगहॅमकर

मी गेली अठरा वर्षं बर्मिंगहॅममध्ये आहे, हँड्सवर्थच्या जवळच. इथे हा विषय पुस्तकातला नाही, गल्लीतला आहे. युद्धानंतर कॅरिबियनमधून आलेल्या लोकांना पबमध्ये, क्लबमध्ये धड घेत नसत. मग घराच्या तळघरात खोकी मांडून रात्रभर पार्ट्या. किंग्स्टनची तीच पद्धत, थंडीत. त्या पोरांमधून स्टील पल्स निघाले, 1978 चा त्यांचा पहिला आल्बमच ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’. लंडनमध्ये लिंटन क्वेसी जॉन्सन डबच्या ठेक्यावर कविता म्हणायला लागला, जमैकन बोलीत, आणि ती बोली छापील पुस्तकात गेली. बोलीत लिहिणाऱ्याला काय ऐकावं लागतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

यूबी 40 हा बँडही इथलाच. नाव बेकारभत्त्याच्या सरकारी फॉर्मवरून! त्यांचं ‘रेड रेड वाइन’ मूळ नील डायमंडचं, पण त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी रेगेतलं ऐकलं होतं, तेच खरं समजून केलं.

आणि आपला देशी माणूस, अपाची इंडियन. हँड्सवर्थचाच, पंजाबी घरातला. जमैकन पटवा बोली, पंजाबी आणि इंग्रजी एका दमात. 90 च्या दशकात भारतात कॅसेट विकणाऱ्यांना विचारा.

ध्वनिलहरी

आणि अटलांटिकच्या पलीकडे हिप-हॉप. क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा किंग्स्टनचा मुलगा 1967 मध्ये न्यूयॉर्कला गेला. 11 ऑगस्ट 1973 ला ब्रॉन्क्समध्ये बहिणीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली, यानं मोठी खोकी लावली. तोच डीजे कूल हर्क. गाण्यावर बोलायची पद्धत तर जमैकात यू-रॉयनं टबीच्याच साउंडवर गाजवली होती. अर्थात कूल हर्क स्वतः जमैकाशी एवढा सरळ संबंध नेहमी मान्य करत नाही, त्याच्या मते ब्रॉन्क्सचं ते ब्रॉन्क्सचं. पण खोकी कुठल्या डोक्यातून आली ते दिसतंच.

चिलीम_नको

सगळं सभ्य चाललंय, पण खरा विषय टाळताय. गांजा.

निळी_शाई

टाळत नाही, घ्या. जमैकात त्याला गांजाच म्हणतात, आणि चिलमीला चिलमच. हे शब्द तिथे आपल्या मजुरांनी नेले. 10 मे 1845 ला ‘ब्लंडेल’ नावाचं जहाज ओल्ड हार्बरला लागलं आणि 1917 पर्यंत 36,000 हून अधिक गिरमिटिये तिथे गेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. ऊसमळ्यात आफ्रिकी गुलामांच्या वंशजांशेजारी राबले. रास्ताफारीचा एक आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल आपलं लिखाण ‘जी. जी. मराघ’ या नावानं छापत असे. मोठ्यानं म्हणून बघा, ‘महाराज’ ऐकू येतं की नाही? जटांवर मात्र एकमत नाही. काही अभ्यासक साधू-बैराग्यांकडे बोट दाखवतात, काही आफ्रिकेकडे.

रास्ताफारींसाठी तो प्रसाद, आणि त्यासाठी त्यांनी दशकानुदशकं मार खाल्लाय. जमैकानं थोडा गांजा बाळगणं गुन्ह्यातून काढलं ते 2015 मध्ये. तोपर्यंत त्यांच्या जटांचा फोटो पर्यटन खात्याला चालत होता, माणूस चालत नव्हता.

पोदेर

गोंयांतल्यान देव बरें करूं. आमच्याकडे किनाऱ्यावर मार्लीचं चित्र नसलेलं शॅक शोधून दाखवा, मी पोई फुकट देतो. पण एक चांगली गोष्ट सांगतो. 2016 पासून गोवा सनस्प्लॅश नावाचा रेगे महोत्सव सुरू झाला. दिल्लीच्या रेगे राजाज या मंडळींनी केला. मी पहिल्यांदा तिथे हातानं बनवलेल्या साउंड सिस्टीमसमोर उभा राहिलो. आवाज कानात नाही, बरगडीत येतो. आणि तरी शेजाऱ्याशी बोलता येतं! भोंगावाले, हे कसं करतात?

भोंगावाला

खालचा बेस वेगळ्या खोक्यात, मधला वेगळा, वरचा वेगळा, आणि प्रत्येकाला आपापला अँप्लिफायर. कानाला टोचतो तो मधला-वरचा भाग, तो ते आवरून ठेवतात. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, टॉप फोड. इथेच सगळं बिघडतं.

शंकासूर

आता कौतुक फार झालं. डान्सहॉलच्या गाण्यांत समलिंगी लोकांना मारायची भाषा उघड आली, तेही वारशात धरणार का? बुजू बँटन या गायकाचं 1992 चं ते गाणं घ्या. दुसऱ्यांच्या जुलमाविरुद्ध गाणारे स्वतः कुणावर तरी तेच करत होते.

निळी_शाई

धरायलाच हवं. त्या गाण्यावरून जगभर निषेध झाले, कार्यक्रम रद्द झाले, आणि 2019 मध्ये बँटननं ते गाणं आपल्या यादीतून काढून टाकलं. सत्तावीस वर्षं लागली. 29 नोव्हेंबर 2018 ला युनेस्कोनं रेगेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आपला कुंभमेळा आदल्या वर्षी गेला त्याच यादीत. अशा यादीत गेल्यावर सगळं चकचकीत दिसायला लागतं. म्हणून ही बाजू इथे लिहून ठेवलेली बरी.

रेगेंची_सून

सासूबाईंना अल्फा बॉइज स्कूलची गोष्ट सांगितली, ती त्यांना फार आवडली. किंग्स्टनमधली अनाथ, उनाड मुलांची शाळा, चालवणाऱ्या कॅथलिक नन्स. तिथल्या बँडमधून इतके वादक निघाले की स्काचा पायाच घातला गेला. स्काटलाइट्स या स्का बँडमधले चार संस्थापक तिथलेच, ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंडही. सिस्टर इग्नेशियस ही नन स्वतः तबकड्या जमवायची आणि मुलांसाठी साउंड सिस्टीम लावायची. सासूबाई म्हणाल्या, “बघ, बाईच होती शेवटी.” त्यांना यूट्यूबवर ड्रमंड लावून दिलाय. निवडता निवडता ऐकतायत, मेथी.

जुना_कॅसेटवाला

भोंगावाले, मार्लीनंतर पहिलं काय ऐकू? एकच सांगा, यादी नको. यादी दिली की मी काहीच ऐकत नाही.

भोंगावाला

बर्निंग स्पिअरचं ‘मार्कस गार्वी’, 1975. गार्वी हा काळ्यांच्या स्वाभिमानाचा मोठा पुढारी, आणि गायक, गार्वी, मार्ली तिघंही एकाच परगण्यातले, सेंट अॅन. हेडफोन नको. चांगल्या बेसच्या स्पीकरवर. दुपारी नाही, संध्याकाळी.

तबलजी_तात्या

तीन दिवस नातवाबरोबर बसलो. तो गिटारवर ‘चिक’ देतो, मी तबल्यावर वन ड्रॉप धरतो. जमत नाही. तिसरीवर थाप छान येते, पण पहिली आली की हात आपोआप डग्ग्यावर जातोच. साठ वर्षांची खोड. काल नातवानं माझा डावा हात उशीखाली दाबून ठेवला. मग दोन आवर्तनं जमली.